उतारवयांतील नमस्कार

आपल्या घरांतून वडीलधाऱ्या माणसांचा मान राखण्याच्या ज्या रीति आहेत, त्यांत "आतां आपण स्वस्थ बसून राहा" असें त्यांना सांगणें ही एक मोठीच रीत होऊन बसली आहे. साठी उलटली, शांत झाली, पेन्शन सुरू झालें, कीं मुलें वडिलांच्या हातांतील पिशवी काढून घेतात, सुना पाण्याचा तांब्या जागेवर आणून देतात, नातवंडें चष्मा शोधून आणतात, आणि देवपूजेचीं फुलेंहि दुसराच कोणी तोडून ठेवतो. यांत प्रेम आहे, कृतज्ञता आहे, संस्कारहि आहेत. हें कोण नाकारील? परंतु या प्रेमाचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा विचार आपण क्वचितच करितों. ज्या स्नायूंना काम नाहीं ते वाळूं लागतात, ज्या सांध्यांना वळण नाहीं ते आखडतात, आणि ज्या मनाला दिवसभरांत आपलें असें कांहीं करावयाचें उरत नाहीं, तें आपल्यांतच बुडूं लागतें. एके दिवशीं जेवणाच्या पाटावरून उठतांना आजोबांना कोणाचा तरी हात लागतो. पुढें तो नेहमींच लागतो. आणि पुढें पाटाच्या जागीं खुर्ची व खुर्चीच्या जागीं खाट येते. "वय झालें" असें आपण म्हणतों. पुष्कळदां वयापेक्षां बसणेंच अधिक झालेलें असतें.

आम्ही राहतों तें औंध सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांत आहे. गांवाशेजारचा यमाईच्या मूळपीठाचा डोंगर, त्याच्या पायऱ्या, आणि डोंगराच्या अंगावर १९३८ सालीं उभें राहिलेलें श्रीभवानी संग्रहालय, यांवरून बाहेरचीं माणसें हें गांव ओळखतात. परंतु एके काळीं साऱ्या महाराष्ट्राला औंधची ओळख होती ती सूर्यनमस्कारांमुळें. तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेल्या या लहानशा संस्थानाचे अधिपति श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार होते, कीर्तनकार होते, आणि या दोहोंइतकेच निष्ठावंत व्यायामी होते. संस्थानांतील शाळांतून त्यांनीं मुलांना आणि मुलींनाहि नमस्कार सक्तीचे केले. ज्या काळांत मुलीनें शाळेंत जाणें हेंच पुष्कळांना नवल वाटे, त्या काळांत मुलींनीं शाळेच्या पटांगणांत रांगेनें नमस्कार घालावे, ही गोष्ट लहान नव्हती.

बाळासाहेब या व्यायामाकडे कसे वळले, हें उतारवयाच्या माणसांनीं मुद्दाम लक्षांत घेण्याजोगें आहे. त्यांचा जन्म १८६८ चा. १८९७ मध्यें त्यांनीं युजेन सँडो या त्या वेळच्या जगप्रसिद्ध युरोपीय मल्लाचीं पुस्तकें व साधनें आणविलीं, आणि सुमारें दहा वर्षें त्याच्या पद्धतीनें मेहनत केली. पुढें मिरजेचे अधिपति श्रीमंत गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या प्रेरणेनें १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले. त्या वेळीं ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे ज्या वयांत पुष्कळ गृहस्थ व्यायामाचा निरोप घेतात, त्या वयांत त्यांनीं हा नवा नेम धरिला. १९३८ मध्यें, ते सत्तरीला आले असतां, लुइस मॉर्गन या बाईंनीं संपादिलेलें त्यांचें नमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें, आणि यमाईच्या गांवचा हा दहा अवस्थांचा व्यायाम समुद्रापार पोंचला. १९५१ सालीं, वयाच्या ब्यायशीव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

याच औंधांत पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनीं आयुष्याचीं जवळजवळ तीस वर्षें वेदांच्या अभ्यासांत घालविलीं. स्वाध्याय मंडळ त्यांनीं येथेंच चालविलें. वेदांवरील ग्रंथांच्या जोडीला आसनें, प्राणायाम आणि नमस्कार यांचाहि पुरस्कार त्यांनीं लेखणीनें व आचरणानें केला. १९४८ नंतर त्यांनीं गुजरातेंतील पारडी येथें नवा संसार मांडला, तेव्हां ते ऐंशी वर्षांचे होते. ऐंशीव्या वर्षीं माणसें आवराआवर करितात. पंडितजींनीं त्या वर्षांनंतर ग्रंथ, छापखाना आणि संस्था यांची पुन्हां उभारणी केली, आणि आणखी वीस वर्षें काम करून १९६८ मध्यें, वयाचीं शंभर वर्षें पुरीं होऊन, ते निवर्तले.

येथें कोणी चिकित्सक वाचक म्हणेल, "एक राजे आणि एक पंडित दीर्घायुषी झाले, यावरून सिद्धांत कसा काढावयाचा? नमस्कार न घालतांहि नव्वदी गांठणारे लोक आम्हीं पाहिले आहेत." आक्षेप अगदीं रास्त आहे. दोन उदाहरणांनीं मनाला हुरूप येतो, पण शास्त्र सिद्ध होत नाहीं. म्हणून गांवचा अभिमान क्षणभर बाजूस ठेवून आजच्या संशोधकांना काय आढळलें आहे, तेंच पाहूं.

म्हातारपणीं साधें पडसें छातींत उतरतें, याचें एक कारण असें. आपल्या छातीच्या मधल्या हाडामागें थायमस नांवाची एक ग्रंथि असते. रक्तांतील ज्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंना ओळखून त्यांच्याशीं लढतात, त्यांपैकीं टी-पेशी या ग्रंथींत तयार होतात. ती जणूं शरीराच्या सैन्याची तालीम होय. ही ग्रंथि तारुण्यापासूनच आक्रसूं लागते व तिची जागा चरबी घेते. त्यामुळें उतारवयांत नवे शिपाई थोडे भरती होतात, आणि जुने शिपाई जुन्याच शत्रूंना ओळखून असतात. याशिवाय शरीरांत एक मंद दाह सतत धुमसत राहतो. ठिणगी दिसत नाहीं, पण ऊब असतेच. तिनेंहि प्रतिकारशक्ति थकते.

आतां २०१८ सालीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम विद्यापीठ व लंडनचें किंग्ज कॉलेज येथील संशोधकांनीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनीं ५५ ते ७९ वर्षांचे १२५ सायकलस्वार निवडले. हे धंदेवाईक खेळाडू नव्हते. पण बऱ्याच वर्षांपासून नियमानें सायकल चालविणारे होते. त्यांच्या रक्ताची तुलना व्यायाम न करणाऱ्या वृद्धांशीं आणि तरुणांशीं केली, तेव्हां असें दिसलें कीं, या सायकलस्वारांची थायमस ग्रंथि नव्या टी-पेशी जवळजवळ तरुणांइतक्याच प्रमाणांत पुरवीत होती. स्नायु हे नुसते ओझें उचलण्याचे दोर नाहींत. ते आकुंचन पावतांना रक्तांत कांहीं द्रव्यें सोडतात, आणि त्यांतील कांहीं द्रव्यें दाह शमविणारीं व या ग्रंथीला पोसणारीं असावींत, असें शास्त्रज्ञांना वाटतें. अर्थात् त्याच अभ्यासांत वयाच्या साऱ्याच खुणा पुसल्या गेल्याचें आढळलें नाहीं. व्यायामानें म्हातारपण टळत नाहीं. तें जरा निराळ्या तऱ्हेनें येतें, एवढेंच म्हणणें प्रामाणिकपणाचें होईल.

दुसरा एक प्रयोग अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत झाला व २००९ मध्यें प्रसिद्ध झाला. बैठें आयुष्य घालविणाऱ्या, साठीच्या पुढील १४४ माणसांचे दोन गट केले. एका गटानें दहा महिने दम वाढेल असें चालणें इत्यादि व्यायाम केला. दुसऱ्यानें अंग ताणण्याचे व तोल सांभाळण्याचे हलके व्यायाम केले. दोघांनाहि इन्फ्लुएन्झाची लस टोचली. चोवीस आठवड्यांनंतर पाहतां, दम वाढविणाऱ्या गटांतील अधिक माणसांत लसीनें दिलेलें संरक्षण टिकून होतें. यांत दोन बोध आहेत. पहिला हा कीं, व्यायाम हा लसीचा पर्याय नव्हे, तो तिचा सोबती आहे, म्हणून "आम्ही नमस्कार घालतों, आम्हांस लस कशाला?" असें कोणी म्हणूं नये. दुसरा हा कीं, नुसतें सावकाश हातपाय ताणून भागत नाहीं. श्वास थोडा जलद झाला पाहिजे. औंधच्या पद्धतींत नमस्कार हे लयीनें, एकामागून एक घालावयाचे असत. त्यामागचें मर्म आतां ध्यानांत येतें. एखाद्या आसनांत पुतळ्यासारखें थांबणें निराळें आणि बारा नमस्कार एका लयींत घालणें निराळें.

मनाविषयीं तर याहून अधिक सांगण्यासारखें आहे. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत खिन्नतेच्या विकारानें ग्रासलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या १५६ स्त्री-पुरुषांवर एक प्रयोग झाला व तो १९९९ मध्यें प्रसिद्ध झाला. कांहींना औषध दिलें, कांहींना आठवड्यांतून तीनदां जमून व्यायाम करावयास लाविलें, आणि कांहींना दोन्ही. औषधाचा गुण प्रारंभीं लवकर दिसला. परंतु सोळा आठवड्यांच्या अखेरीस तीनहि गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा झाली होती. पुढें जे बरे झाले, त्यांची दहाव्या महिन्यांत पुन्हां पाहणी केली, तेव्हां व्यायाम करणाऱ्यांत विकार उलटण्याचें प्रमाण कमी आढळलें. यावरून कोणीं चालू औषध आपल्या मनानें सोडूं नये. तो निर्णय वैद्याचा आहे. पण घरांतील म्हातारें माणूस अबोल झालें, जेवणावरून वासना उडाली, पहाटे तीन वाजतां उठून अंधारांत बसूं लागलें, तर "वयाप्रमाणें असें होणारच" म्हणून हात झाडणें हें बरोबर नाहीं, एवढें तरी यावरून ठरतें.

आमच्या घरची एक गोष्ट या ठिकाणीं सांगितली तर वाचक क्षमा करतील. आमचे धाकटे काका आज एक्यायशी वर्षांचे आहेत. काकू गेल्या त्याला आतां तीन वर्षें होतील. पहिलें वर्ष त्यांनीं सोप्यावरच्या खुर्चीत काढलें. वर्तमानपत्र मांडीवर असे, पण पान उलटत नसे. थंडी सुरू झाली कीं खोकला यावयाचा, तो शिमग्यापर्यंत मुक्काम करावयाचा. बोलणें दोन शब्दांवर आलें होतें, "हो" आणि "नको". अशांत आमच्या आत्याबाई, ज्यांना सारें घर अक्का म्हणतें, त्या थोडे दिवस म्हणून माहेरीं राहावयास आल्या. अक्का काकांहून सहा वर्षांनीं वडील. १९४८ सालीं औंध संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, तेव्हां त्या येथल्या शाळेंत मराठी तिसरींत होत्या. म्हणजे संस्थानी शाळेच्या पटांगणांत नमस्कार घातलेल्या मुलींच्या अखेरच्या फळींतील त्या एक. पुढें लग्न, संसार, बाळंतपणें, बदल्या, सारें झालें. मधून मधून खंडहि पडला. परंतु जमेल तेव्हां तो नेम त्यांनीं पुन्हां धरिला. आज त्या साष्टांग नमस्कार घालीत नाहींत. भिंतीला तळहात टेकून, पाऊल एकेक मागेंपुढें घेऊन, बारा नमस्कार घालतात, आणि मग अंगणांत वीस फेऱ्या.

आल्याच्या तिसऱ्या दिवशीं त्यांनीं काकांना हांक मारली, "अरे, ऊठ, उजाडलें."

काका म्हणाले, "अक्का, आतां हें कशाला? माझे दिवस संपले."

"संपले म्हणतोस, तर मग चहाच्या वेळेला डोळा कसा बरोबर उघडतो तुझा?" अक्का म्हणाल्या. "शाळेंत गुरुजी मोजीत. आतां मी मोजतें. तीन घाल आणि मग खुशाल संपव दिवस."

काका उठले ते हंसूं आलें म्हणून. पहिल्या दिवशीं तीन नमस्कार झाले, तेहि भिंतीला धरून. महिन्याभरानें सहा, आणि चातुर्मास संपावयाच्या सुमारास बारा. थोडे दिवस म्हणून आलेल्या अक्का मग आमच्याकडेच राहिल्या. काकांचा खोकला पार गेला असें आम्ही म्हणत नाहीं. गेल्या थंडींतहि तो येऊन गेला, मात्र बिऱ्हाड करून राहिला नाहीं. लस त्यांनीं घेतली होतीच, तेव्हां त्याचें श्रेय कोणास किती द्यावें हें आम्हांस ठरवितां येत नाहीं. पण एक फरक सर्वांस दिसला. हल्लीं सकाळीं नमस्कार झाल्यावर दोघां भावंडांचा कांहीं ना कांहीं वाद चालतो, कधीं मोजण्यावरून, कधीं शाळेंतल्या एखाद्या जुन्या आठवणीवरून. काका वाद घालतात, म्हणजे त्यांना अजून कांहीं म्हणावयाचें आहे. संध्याकाळीं ते यमाईच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत जातात. हवा चांगली असली तर संग्रहालयापर्यंतच्या पायऱ्या मधून मधून थांबत चढतात. घरीं येऊन कोणती बाग फुलली, कोणाचें शेत पेरून झालें, हें सांगतात. घराला पुन्हां बातम्या कळूं लागल्या आहेत.

या गोष्टींत एक बाब विशेष आहे, ती सोबतीची. ड्यूक विद्यापीठांतील लोकहि एकत्र जमूनच व्यायाम करीत होते. एकट्यानें ठरविलेला नेम चार दिवसांत मोडतो. कोणी वाट पाहत आहे या जाणिवेनें तो टिकतो. एकत्र कुटुंबांत ही सोबत घरांतच मिळावी, हें आपलें केवढें भाग्य! नातवानें आजोबांबरोबर नमस्कार घातले, तर नातवाला वळण लागतें आणि आजोबांना श्रोता मिळतो.

येथें आमच्या वाचक भगिनींना एक शब्द. "बायकांना घरकाम आहे, तोच व्यायाम" असें म्हणण्याची पद्धत आहे. घरकामांत श्रम आहेत, याविषयीं वाद नाहीं. पण दिवसभर ओट्याशीं उभें राहून कंबर दुखते, तिला उलट बाजूस वांकविणारें कोणी नसतें. हात खालींच राबतात, ते डोक्यावर क्वचित् जातात. शिवाय तें काम घरासाठीं असतें. त्यांत पंधरा मिनिटेंहि बाईचीं स्वतःचीं नसतात. बाळासाहेबांनीं मुलींनाहि नमस्कार लाविले, त्यामागील दूरदृष्टि या दृष्टीनें पाहावी. सासूबाईंसाठीं सकाळचीं पंधरा मिनिटें सुनेनें राखावीं, आणि सुनेसाठीं सासूबाईंनीं.

आतां सावधगिरीच्या चार गोष्टी. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० मध्यें पासष्टीपुढील माणसांसाठीं असें सुचविलें आहे कीं, आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, दोन दिवस तरी स्नायूंना बळ देणारे आणि तीन दिवस तोल सांभाळणारे प्रकार त्यांत असावेत. रोजचें अर्धा तास भरभर चालणें आणि थोडे नमस्कार यांनीं यांतील पुष्कळसें साधतें. परंतु ज्यांना हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, काचबिंदु किंवा ठिसूळ हाडें यांचा त्रास आहे, त्यांनीं वैद्यास विचारल्यावांचून खालीं डोकें करणारा कोणताहि प्रकार करूं नये. गुडघे दुखत असतील तर भिंत आहे, भक्कम खुर्ची आहे. खालून वर येतांना घाई करूं नये, चक्कर येते. छातींत दुखलें, दम लागून बोलतां येईनासें झालें, तर तत्काळ थांबावें. आणि तरुणपणीं शंभर घालीत होतों म्हणून सत्तराव्या वर्षीं एकदम पन्नास घालण्याची ईर्षा तर मुळींच धरूं नये. तीनांनीं आरंभ करावा; आठवड्यानें एक वाढवावा; एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशीं दुप्पट न घालतां तेवढेच घालावे.

सूर्यनमस्कारांत आपण काय करितों? उभे असतों, वांकतों, भूमीला टेकतों, आणि पुन्हां उभे राहतों. देवासाठीं असो वा देहासाठीं असो, यांतील अखेरची क्रिया वार्धक्यांत सर्वांत मोलाची आहे. जमिनीवरून आपल्या बळानें उठतां येणें हें म्हाताऱ्या माणसाचें खरें स्वातंत्र्य होय, आणि तें रोज थोडें थोडें राखावें लागतें. म्हणून वडिलांना पाण्याचा तांब्या जरूर आणून द्यावा, त्यांच्या पायांवर डोकेंहि ठेवावें. पण फुलें तोडण्याचें त्यांचें काम त्यांच्याचकडे राहूं द्यावें, परडी त्यांच्याच हातीं द्यावी, आणि सकाळीं उजाडतांना त्यांच्या शेजारीं आपणहि एक सतरंजी अंथरावी. मोजण्याचें काम मात्र त्यांच्याकडे द्यावें; वडिलकीचा तो मान त्यांचाच आहे.